परत आलेली पाण्याची बाटली

मंगळवार, संध्याकाळ

चुका असतील, माफ कर. शाळा सुटली तशी लिहायची सवय गेली, टाइप करायलाही वेळ लागतो.

सरकारी लॅबमधले शेजारचे काका आज आमच्या तरसालीच्या बोअरच्या पाण्याची बाटली परत घेऊन आले. पाण्यातलं शिसं मोजायचं मशीन यंदाही आलं नाही. नियमाने तीन कंपन्यांचे भाव पाहिजेत, आला एकीचाच.

"फरीथी, पुन्हा टेंडर काढणार, बेटा. तोवर हे पाणी काय कामाचं?"

धाकट्या भावाचं, बंटीचं, पोट रोज दुखतं. तोवर त्याला काय पाजायचं, हे विचारायचं होतं. मी बाटली घेतली आणि आत आले.

बाटलीवर माझ्याच अक्षरात 'तरसाली, बोअर' लिहिलंय. आई म्हणाली, बाटली चांगली आहे. धुऊन, बोअरचंच पाणी भरून तिने ती बंटीच्या दप्तरात ठेवली. दुसरं पाणी कुठून आणणार?

आत्ताच फोन आला, समा भागात राहणाऱ्या मावशीला मुलगी झाली. तिच्याकडे पाणी कुठलं येतं, कोण जाणे.