डाव्या हातानं सोललेली काटकी

रायमो,

तुला सोडून आल्यापासून लिहिलेलं एकही पत्र मी टपालात टाकलं नाही. पाकिटावर इथला शिक्का उठला असता.

आज शेजारच्या सैयाबरोबर जंगलातल्या तळ्याला फेरी मारली. बर्चची झाडं पिवळी झालीत. सकाळी जाताना वाटेवरच्या वाटसरूंच्या निवाऱ्यातली चूल रिकामी होती. परतताना तिथं मागून येणाऱ्यांना चूल पेटवायला काटक्या सोलून ठेवलेल्या.

"कोण गं हा भला माणूस?" सैया म्हणाली.

डाव्या हातानं सोललेल्या, टोकाला कुरळ्या. तू सोललेल्या अशाच काटक्यांनी मी वर्षानुवर्षं तुझी चूल पेटवली.

"चल इथून," एवढंच म्हणाले.

वळणावर सैया थबकली. "अगं, तुझ्या धुराड्यातून धूर येतोय. पाहुणे आलेत का?"

तिच्याच स्वयंपाकघरात दाराला कडी लावून लिहितेय. धूर अजून निघतोय.

तुझी नसलेली,
हिल्का