बुडबुड्यांची शिकवणी

धाकटे,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. मी तलावावर जातेय, पोहायला शिकणाऱ्या पोरांची बॅच आहे.

चिमणी उठल्या उठल्या टब मागेल. दे. ती बसल्यावर पाणी तिच्या बेंबीच्या वर यायला नको. चाळणी, वाटी, शाम्पूची रिकामी बाटली, काय हवं ते घेऊ दे. फोन वाजला तर वाजू दे. बेल वाजली तर तिला तशीच ओलीचिंब उचलून दारापर्यंत ने, पण टबात एकटी सोडू नकोस. खेळ झाला की टब लगेच ओतून उलटा ठेव.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण कालपासून माझा नुसता जळफळाट होतोय. अख्ख्या गावाची पोरं मी पाण्यात उतरवते, आणि माझी स्वतःची पोर तलावात माझ्या गळ्याला लटकून भोकाड पसरते. तिनं पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं ते बाल्कनीतल्या टबात, तुझ्यासमोर! वर मलाच सांगते, "आई, तुला नाही जमणार. बुडबुडे मावशीलाच येतात."

संध्याकाळी मी टब पुन्हा भरणार आहे. तिला एवढंच सांगून ठेव, की आईला खरंच बुडबुडे काढता येत नाहीत, तूच तिला शिकव. आणि तेवढा वेळ तू दूध आणायला जा. घरात दूध असलं तरी.

ताई