रबराने खोडलेला ‘च’

घाटकोपर, ९ मार्च १९८६

मृणाल,

तू पळून जाऊन लग्न केलंस तेव्हापासून, चार वर्षं, मी एक वाक्य घोकत होते : ‘मृणालने माझी माफी मागितलीच पाहिजे.’

परवा वाचनालयातून मनावरचं एक पुस्तक आणलं. त्यात म्हटलंय, रागाचं वाक्य लिहा आणि त्यातला ‘च’ खोडा. म्हटलं, काहीतरीच! तरी वाक्य पेन्सिलीने लिहिलं आणि रबर घेतलं.

‘मागितली पाहिजे.’

अगं, वाक्यातला जीवच गेला! एवढंसं अक्षर, आणि त्याने मला चार वर्षं धरून ठेवलं होतं?

हे पत्र पोस्टात टाकत नाही, स्वतः आणून तुझ्या दाराखालून सरकवेन. पुढच्या रविवारी होडीने तुझ्याकडे गोराईला येते. तू दार उघडलंच पाहिजेस असं नाही. उघडलंस तर बरं वाटेल.

खालचा ‘च’ मात्र खोडवत नाही.

तुझीच,
वनूताई