सतरंजीवर न ठेवलेली पट्टी

नाही बाबा, ती पट्टी मी रागानं नाही काढली. बोल्ट जाम झाला होता, मी थोडं रॉकेल सोडून पाना लावला, तर पट्टीच हातात आली. वाकवल्या जागी दोन तुकडे होऊन. तुमची पितळी पट्टी, डोलकाठी उभी ठेवणारी तार बोटीच्या बाजूला धरून ठेवते ती. आणि तिच्या मागे, बोटीच्या आतल्या अंगाला, मला दुसरी पट्टी दिसली, लोखंडाची. चार बोल्ट मारून बसवलेली, वरून हिरवा रंग फासून फळीशी सारखी केलेली. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की सगळा भार पितळच पेलतंय. मी पाना खाली ठेवला आणि न्हाणीच्या पायरीवर बसून राहिले. आई आतून म्हणाली, "काहून वं, ऊन लागलं का?" मी हो म्हटलं.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. बोट तेव्हापासून मागच्या अंगणात उलटी पडलेली, खाली मांजरी व्यायच्या. यंदा मला ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली आणि डोक्यात एकदम बोटच शिरली. तुम्हाला माहीत आहे, माझं एकदा सुरू झालं की थांबत नाही. मी तुमच्या उन्हाळी बैठकीतल्या सगळ्या बोटवाल्यांना पोस्टकार्डं टाकली. त्यांच्याही बोटी इतकी वर्षं शेडमध्ये धूळच खात होत्या. लिहिलं की मे महिन्यात अंबाझरी तलावाचं पाणी उतरतं, कोणी शीड लावत नाही, तर पूर्वीसारखं एका रविवारी जमू या, बोटीत काय काय सुधारता येईल ते आणू, आणि पाऊस झाला की पुन्हा पाण्यात उतरू. माझं कॉन्व्हेंटचं मराठी वाचून हसले असतील, पण सगळे हो म्हणाले. त्या झोपलेल्या बोटी मी जाग्या केल्या, बाबा. हेच मला आता छळतंय.

दर मेमधली ती बैठक तुमच्यामुळे सुरू झालेली. बदली झालेला एक लष्करी अफसर फुटकी बोट टाकून गेला, ती तुम्ही डॉक्टरकाकांच्या धरमपेठेतल्या अंगणात दुरुस्त केली आणि त्यांनी ती तुम्हालाच दिली. मग बाकीचे आपापल्या बोटी घेऊन यायला लागले. डॉक्टर, वकील, कॉलेजचे प्रोफेसर, आणि त्यांच्यात तुम्ही, उमरेडच्या विणकराच्या घरातले, मिलमधले फिटर. नियम तुम्हीच घातला होता. सतरंजीवर आधी मोडलेली वस्तू ठेवायची, ती कशी मोडली ते सांगायचं, नवीन काय केलं ते मग. डॉक्टरकाकांनी सुकाणूचा चिरलेला दांडा ठेवला तेव्हा तुम्ही म्हणाले, "लाजू नका साहेब, मोडलेलं पाहूनच अक्कल येते." आणि मी बारा वर्षांची असताना बोटीच्या नाकाचा टवका उडवला, लांबीचा लगदा भरून वरून रंग लावून टाकला, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांसमोर तो रंग खरवडायला लावला होता. "मले फसवशील वं, पाण्याले कशी फसवशील?" मी किती रडले होते. घरी येताना तुम्ही मला संत्र्याची बर्फी घेऊन दिली, पण शब्द मागे घेतला नाही.

पितळी पट्टी त्याच्या पुढच्या वर्षीची. लोखंडाची गंजून जायची, म्हणून तुम्ही पितळाची घडवली. शिकंज्यात धरून, न तापवता, हातोडीनं वाकवलेली. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. प्रोफेसर म्हणाले, आम्हालाही करून द्या. त्या दिवशी तुम्ही सतरंजीच्या मधोमध बसले आहात, आणि मला आठवतं, पहिल्यांदाच कोणीतरी तुम्हाला चहा आणून देतंय. नाहीतर सगळ्यांना चहा द्यायला तुम्हीच उठायचे. दोन महिन्यांत सहाही बोटींवर तुमची पट्टी.

हिरवा रंग त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचा. मला पक्कं माहीत आहे, कारण अर्धा डबा अजून फळीवर आहे आणि तो आणायला मी सायकलच्या मागे बसून आले होते. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला तुम्हाला तडा दिसला. संक्रांतीला आपण तलावाच्या पाळीवर उभे होतो, वारा चांगला होता, डॉक्टरकाकांची बोट एका अंगावर कलून निघाली आणि तुम्ही हातातला तिळगूळ टाकून ओरडत सुटले, "शीड खाली घ्या! अहो डॉक्टरसाहेब, शीड उतरवा!" ते हसून हात हलवत राहिले. तुमचा चेहरा पांढरा झालेला. मी तुम्हाला चिडवलं होतं, "बाबा, यू आर सो घाबरट." महिन्याभरानं तुम्हीच गेले, छातीत दुखून, मिलच्या गेटवर. मेची बैठक अजून व्हायचीच होती. मेमध्ये तुम्ही सांगणार होते का? मी सात दिवस हाच हिशोब करून राहिली आहे. संक्रांतीला का नाही सांगितलं? पाळीवरून उतरून, किनाऱ्यावर, चार वाक्यांत सांगता आलं असतं.

रविवारी सकाळी सात वाजता सगळे डॉक्टरकाकांच्या अंगणात जमले. तीच निळ्या पट्ट्यांची सतरंजी, आता मधे विरलेली. डॉक्टरकाकांनी टेरिलिनचं शीड शिवून आणलं होतं. जरीपटक्याचे सायकलवाले काका, तेच ज्यांनी प्रोफेसरांची बोट विकत घेतली, मला म्हणाले, "अरे बेटा, तुझ्या चिठ्ठीनं तर बुढ्ढ्यांना जवान करून टाकलं! पाणी येऊ दे, मेरी पोती को बसवतो पहिल्यांदा." पोती, म्हणजे त्यांची नात, सात वर्षांची, तिथंच होती, बोटीत बसून दोरी ओढत होती, डोलकाठीच्या बरोब्बर खाली. मी पट्टी पाहते म्हणून वाकले आणि वाकवल्या जागेवरून नख फिरवलं. नख तड्यात अडकलं. आत हात घातला. मागे लोखंड नाही, नुसतं लाकूड.

तेवढ्यात डॉक्टरकाकांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "सहा बोटी, आणि एकाही पट्टीला गंज नाही. असा कारीगर पुन्हा होणे नाही." टाळ्या झाल्या. मग माझ्याकडे वळून, "बोल पोरी, तू काय आणलं? आधी मोडलेलं दाखव, नियम आहे तुझ्या बापाचा." पर्समध्ये रुमालात दोन्ही तुकडे होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "नथिंग अंकल, ओन्ली व्हार्निशिंग." घाबरले की मला कॉन्व्हेंट आठवतं. डॉक्टरकाका म्हणाले, "इंग्लिशमधे काहून शिरली वं? व्हार्निश तर व्हार्निश!" सगळे हसले.

घरी येऊन मी पाच पोस्टकार्डं लिहिली. बाबांची पट्टी वाकवल्या जागी तडकते, आमची तुटली, मागे लोखंडाची पट्टी लावल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नका, मी स्वतः येऊन बसवून देईन. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पेटीत टाकली. तेवढं केलं, बाबा. पोतीच्या डोक्यावर ती काठी पडणार नाही. पण तुम्हाला हे आधीच माहीत होतं, ते मी एकाही कार्डावर लिहिलं नाही.

काल संध्याकाळी डॉक्टरकाका स्कूटरवरून आले. कार्ड खिशात. आपली बोट सरळ करून दे म्हणाले, आत वाकून पाहिलं, लोखंडी पट्टीवर टॉर्च मारला. "ही कोणी बसवली?"

मी म्हटलं, "मी."

 डॉक्टरकाकांनी त्या जुन्या, पापुद्रे निघालेल्या हिरव्या रंगावर अंगठा फिरवला. मग टॉर्च बंद केला. "बापाचा हात आहे," एवढंच म्हणाले, आणि आईनं ठेवलेला चहा न पिताच निघाले.

हे पत्र कुठे टाकणार? दोन तुकड्यांबरोबर रुमालात बांधून रंगाच्या डब्यामागे ठेवते आहे. रविवारी जरीपटक्याला जाते, पहिली पट्टी त्यांचीच. तिथे काका विचारतीलच, तुझ्या बाबांना कळलं नव्हतं का गं. मी काय सांगू? तुम्ही मला तो रंग खरवडायला लावला होता, तर तुमचा मी खरवडू का, बाबा?