गंगेचे दोन गडू

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

ऋषिकेश,
दि. १२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

चि. शिवकांतास,
थोरल्या जावेचा, अयोध्याक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठड्याला धरून चढतेस असं कळलं. तिळाच्या तेलात लसूण कडकवून चोळत जा, आळस करू नको. योगीराजचं पित्त उतरलं का? त्याला म्हणावं, अडतीवर उपाशी पोटी चहा ढोसायचा बंद कर, आधी भाकरीचा तुकडा मोड. मंजुषाची पाठ दुखायची राहिली का? सून गुणाची आहे, दुखलं तरी सांगायची नाही, तूच विचारत जा. आणि शिवांजलीला चष्मा लागला म्हणे. लागू दे. वाचणाऱ्यालाच लागतो.

हे सगळं हिला कोण सांगतं, असं तुझ्या मनात आलं असेल. आपल्या दोघींच्या नाती मोबाईलवर बोलतात. माझी वैष्णवी नि तुझी शिवांजली. आपण दोघी नऊ वर्षं बोललो नाही म्हणून पोरींनी का तोंडं बंद करावीत?

पत्र उघडलंस, यातच मी भरून पावले. फाडायचं असलं तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी कामाचं सांगते. शिवरात्रीनंतरच्या रविवारी, म्हणजे दहा मार्चला, भूमला आपल्या घरी मावंदं घालायचं आहे. गंगेहून आल्यावर गडूची पूजा करून भावकीला जेवू घालावं लागतं, तुला काय सांगायचं. पुरणाचा स्वयंपाक आहे. तू यायला पाहिजेस. तू आली नाहीस तरी पंगत बसेल, लोक जेवून जातील, पण मावंदं झालं असं मी धरणार नाही. का, ते लिहिणार आहे. जरा दमानं लिहू दे.

मी इथं कशी आले, तर वैष्णवीनं योगा शिकवायचं मनावर घेतलंय. त्याचा चोवीस दिवसांचा कोर्स इथं असतो. तिचा बाप, आपला अमरसिंह, म्हणाला, एवढ्या लांब एकटी पोरगी जायची नाही. मग पोरीनं मला पुढं केलं. "आज्जी, तुझं गंगास्नान, माझा कोर्स." तुळजापूर नि सोलापूर सोडून मी कधी कुठं गेले नव्हते. कुर्डुवाडीला रेल्वेत बसलो, दिल्लीला गाडी बदलली, हरिद्वारला उतरून रिक्षानं इथं आलो. येऊन अठरा दिवस झाले.

गंगा कशी आहे सांगू? हिरव्या काचेच्या बांगडीसारखी. पायऱ्यांवर बसलं की तळाचे गोटे मोजावेत इतकी नितळ. पाणी असं गार की पाय घातला की पोटऱ्या बधिर होतात. पहिल्या दिवशी मी नुसती बघत बसले. एवढं पाणी रात्रंदिवस चाललंय आणि कुणी हंडा घेऊन पळत नाही. आपल्याकडं टँकर आला की आपण दोघी कशा पळायचो, तू पुढं नि मी मागं, ते आठवलं नि एकटीच हसले.

वैष्णवीच्या वर्गात मी कोपऱ्यात बसते. गोऱ्या बायका, गोरे बापे, सगळे चटया टाकून. शिकवणारा पोरगा अमरसिंहापेक्षाही लहान, पण सगळे गुरुजी म्हणतात म्हणून मीही म्हणते. परवा त्यानं सगळ्यांना उकिडवं बसायला सांगितलं. त्याला त्यांच्यात मोठं नाव आहे, मलासन. निम्मे लोक मागं कलंडले. एक जर्मनीची बाई दोनदा पडली. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. "माताजी, आप दिखाइए." म्हटलं, त्यात दाखवायचं काय? बसले. बोलत बसले, पदर नीट केला, तरी बसलेच. ती बाई टाळ्या वाजवायला लागली. तिनं वैष्णवीला विचारलं, तुझ्या आज्जीचा किती वर्षांचा अभ्यास आहे? कार्टी म्हणते कशी, "साठ वर्षांचा. हरभरा उपटून." गुरुजीसुद्धा हसले. त्या बाईनं माझे पाय धरले. मी म्हटलं, "ऐसा मत करो बाई, मेरेकू तो खुर्चीपेच बैठने नहीं आता."

तू असतीस तर माझ्यापेक्षा चांगली बसली असतीस. सरीच्या सरी उकिडव्यानं संपवायचीस तू, मी मागं राहायची.

शेवटी सगळ्यांना उताणं निजवतात. हात सैल, पाय सैल, डोळे मिटून, मेल्यासारखं पडायचं. गुरुजी हळू आवाजात सांगतात, कपाळ सोडा, जबडा सोडा, ओठ सोडा. बाकीचे घोरायला लागतात. मला न्हाय जमत. ओठ सोडा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं दुसऱ्याचेच ओठ येतात, वाळून पांढरे पडलेले. मी उठून बसते.

आज एवढंच.  


दि. १४ फेब्रुवारी

पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही. काल आणि आज दोन दिवस गडूच्या दुकानापर्यंत जाऊन आले. काल पायरीवरूनच परत फिरले. वैष्णवी म्हणाली, "आज्जी, अगं पन्नास दुकानं आहेत, हे नको तर दुसऱ्यात जाऊ." पोरीला काय ठाऊक.

आज गेले. घाटावरून मीच भरून आणलेलं पाणी त्या माणसानं दोन तांब्याच्या गडूंत ओतलं. बिब्ब्याएवढं तोंड त्याचं. वरून टोपण बसवलं नि कथील वितळवून झाळून बंद केलं. मी समोर बसून बघत होते. मला म्हणाला, "पक्का हो गया माताजी, सौ साल नहीं खुलेगा."

मी विचारलं, "और चिंच लगाई तो?"

त्याला कळलं नाही. वैष्णवीनं सांगितलं, इमली. तो हसला. म्हणाला, "गंगाजी को इमली से कौन घिसता है?"

मी घासला होता, शिवकांता.

आत्याबाईंनी, आपल्या सासूनं, गंगेहून आणलेला गडू. चाळीस वर्षं देव्हाऱ्यात होता. आपल्याला जवळ बसवून त्या काय म्हणाल्या होत्या ते तुला आठवतंय. "ज्याची वेळ येईल त्याच्या तोंडात घाला. घर वाटलं तरी गंगा वाटू नका." त्या स्वतः रानात उभ्या उभ्या गेल्या, गडू फोडायला वेळच मिळाला नाही. पुढं आपल्या चुली वेगळ्या झाल्या, गडू माझ्या देव्हाऱ्यात राहिला.

मग एका नवरात्राला, घट बसायच्या आदल्या दिवशी, मी देवाची भांडी घासायला काढली. तुला माहीत आहे माझा स्वभाव. समई लखलखली, ताम्हन लखलखलं आणि गडू तेवढा काळा दिसायला लागला. घेतली चिंच, घेतला विटेचा भुगा, आणि दिला जोर. जुनी झाळ ती, भुसभुशीत झालेली. टोपण निघून हातात आलं. पाणी न्हाणीच्या दगडावरून मोरीत गेलं. मी हाताची ओंजळ धरली तोवर सगळं गेलं होतं. अर्धी वाटीसुद्धा नव्हतं, पण आत्याबाईंची गंगा होती.

कुणाला सांगायची छाती झाली नाही. बोअरचं पाणी भरलं, मेणानं तोंड लिंपलं, वर कुंकू लावलं नि ठेवला परत. आमच्या ह्यांना, तुझ्या थोरल्या भावजींनासुद्धा सांगितलं नाही. म्हटलं, पुढं कुणी गंगेला गेलं तर गुपचूप मागवू. चार वर्षं गेली. कुणी गेलं नाही.

आणि मग ती सकाळ. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला, धनाजीला अंगणात बाजेवर निजवलेलं, आणि तू माझ्या दारात आलीस. केस सुटलेले, पायात चप्पल नाही. "आक्का, गडू द्या. लवकर द्या."

मी काय बोलले ते तू विसरली नसशील. मीही नाही. "गडू मिळायचा न्हाय. तो थोरल्यासाठी ठेवलाय." भावकीतली चार माणसं उभी होती, त्यांनी ऐकलं. तू एकदा माझ्याकडं बघितलंस आणि परत गेलीस. तुळशीचं पान पाण्यात बुडवून तू त्याच्या ओठांना लावलंस. तेरावा झाला नि तू योगीराजला घेऊन कळंबला गेलीस.

लोक म्हणाले, वाटणीचा राग काढला. तुलाही तेच वाटलं असणार. मी ते खोडून काढलं नाही. कंजूष म्हणून घेणं मला सोपं वाटलं, पण आत्याबाईंची गंगा मोरीत घालवली हे चारचौघांत सांगणं जमलं नाही. आणि तो गडू दिला असता तर बोअरचं पाणी गंगा म्हणून त्याच्या तोंडात गेलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा धनाजी नऊ वर्षांचा होता गं. माझ्या हातची दूध-भाकरी खाऊन मोठा झाला. त्याला फसवून वाटेला लावू?

पण खरं सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. "शिवकांता, गडू रिकामा आहे." एवढंच. तू रागावली असतीस, रडली असतीस, आणि माझ्याजवळच बसून रडली असतीस. ते वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

आज दुकानातून निघून घाटावर गेले. गुडघाभर पाण्यात उभी राहिले. बायकांनी असं करावं का, ते मला ठाऊक नाही. एक ओंजळ धनाजीच्या नावानं सोडली. म्हटलं, बाबा, उशीर झाला, पण ही खरी आहे.

बाहेर आले तर ती जर्मनीची बाई पंचा घेऊन उभी होती. तिनं माझे पाय पुसले.  दुपारी वर्गात गुरुजींनी उताणं निजवलं, तर मी घोरले म्हणे. वैष्णवीनं रेकॉर्ड करून ऐकवलं.


भूम,
दि. २१ फेब्रुवारी, बुधवार

सुखरूप घरी आलो. वाटेत एका माकडानं पेढ्यांचा पुडा पळवला, बाकी सगळं ठीक. शिवांजलीसाठी रुद्राक्षाची माळ आणि तुझ्या गुडघ्यांना तिथलं एक तेल आणलंय. लसणाच्या तेलाला तोड नाही, पण बाटली देखणी आहे.

आल्या आल्या तुझ्या भावजींना सगळं सांगितलं. जेवत होते. ऐकून घास खाली ठेवला.  हात धुतल्यावर म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग." म्हटलं, पत्र लिहून तयार आहे. तर म्हणाले, "मग पेटीत का नाही?"

म्हणून आज टाकते आहे. पाकिटावर तुझं नुसतं नाव लिहिलंय. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी गंगाभागीरथी लिहायची रीत आहे, पण माझा हात पुढं गेला नाही. तुझ्या नवऱ्याला जी गंगा मी मिळू दिली नाही, ती तुझ्या नावापुढं कशी लिहू?

जुना गडू देव्हाऱ्यातून काढला. बोअरचं पाणी तुळशीला घातलं. गडू मात्र ठेवलाय, मेण लागलेला, तसाच. तुला डोळ्यांनी बघायचा असेल तर बघ.

आता मावंद्याचं. नव्या गडूंना हळदीकुंकू तू वाहायचं आहेस. भावकीतल्या कुणी नाक मुरडलं तर मी आहे. धनाजीच्या वेळी जी चार माणसं उभी होती, त्यांनाही बोलावलंय. पंगत बसायच्या आधी त्यांच्यासमोर मी खरं काय ते सांगणार आहे. तू आलीस तरी, न आलीस तरी. पुरणाच्या येळवणीची आमटी मात्र तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही, मी केली की पातळ होते, एवढं ध्यानात घे.

दोन गडू आणलेत. एक तुझ्या घरचा. दुसरा माझा नि तुझ्या भावजींचा, पण तोही तूच घेऊन जा. तुझ्याच देव्हाऱ्यात राहू दे. काळा पडला तर पडू दे, घासू नको. माझी वेळ येईल तेव्हा पोरं तुला फोन करतील. तेव्हा आणायचा की नाही ते तू ठरव. नाही आणलास तर मी समजून जाईन.

पाकिटात माझा पत्ता घातलेलं एक पोस्टकार्ड ठेवलंय. फोन करू नको, फोनवर मला रडू येईल नि तुला माझं बोलणं कळायचं नाही. चारच ओळी लिही, पण दहा तारखेच्या आधी पोचतील अशा लिही. शिव्या असल्या तरी चालतील. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी अक्षर शिकले, तुझ्या शिव्या वाचायला काय अवघड आहे?

रोज सकाळी पोस्टमनची वाट बघणारी,
तुझी
आक्का