दगडामागचं पांढरं

टेगन,

मी बोटीवर कामाला चाललोय, तुला उठवलं नाही. पोवळ्यांच्या काचेच्या टाकीतल्या पाण्याची क्षारता पुन्हा घसरलीय. रोज सोडा घालूनही टिकत नाही. दुकानातला डॅरल म्हणाला, "तुझी पोवळी तर मरगळलीत, मग सांगाडा वाढवायला एवढा क्षार खातंय कोण?" म्हणून मागचा दगड उचलून पाहिला. तिथं पांढरंशुभ्र काहीतरी वाढलंय, थेट जबड्यासारखं. पुढचा दात आपल्या बाबांसारखाच वाकडा आहे.

त्यांची रक्षा मॅग्नेटिक बेटापाशी समुद्रात सोडली, असं तू म्हणालीस. खरंच तिथेच सोडलीस ना?

मी रागावलो नाहीये. सोड्याचं पाणी कालवून ओट्यावर ठेवलंय. आज ते घालायचं की नाही, तूच ठरव. नाही घातलं तर त्याची वाढ थांबेल, पण माझ्याच्यानं बंद करवत नाही. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच घरात आपण तिघं असल्यासारखं वाटतंय.

रोरी