चौथी विजार

सूनबाई,

तू उठशील तेव्हा मी दुकानात असेन. चहा झाकून ठेवलाय.

बर्फात घालायच्या विजारी शिवून झाल्या. आतून उबदार अस्तर, वरून पाणी न धरणारं कापड. धाकटीची खाली चार बोटं दुमडून ठेवलीय, वाढत्या अंगाची पोर आहे. स्की, बूट, हेल्मेट तिथेच भाड्याने घ्यायचं. विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. आणि मधल्या वारी जायचं. शनिवार-रविवारी पास महाग, शिवाय शिकाऊंच्या उतारावर पाय ठेवायला जागा नसणार.

खुर्चीवर चार विजारी दिसतील. दचकू नकोस. तू आणि दोन पोरी, तीनच शिवायच्या होत्या, हे का मला ठाऊक नव्हतं? पण कापड पसरलं आणि हात आपला सवयीने तुम्हा चौघांची मापं कापत गेला. त्याला जाऊन वर्ष होत आलं, हाताला अजून पटलेलं नाही. शिवून झाल्यावर उचलून धरली, तेव्हा लांबी बघून कळलं कुणाची ती.

उसवायला घेतली होती. जमलं नाही.

‘या वयात बर्फावर घसरायला माझं काय डोकं फिरलंय?’ असं परवा तुझ्यावर खेकसलो, ते विसरून जा. बुकिंग चौघांचं कर. कमरेत नाडी ओवली की ती मला होईल. लांबीला मात्र कात्री लावणार नाही. दुमडूनच घालीन.

— बाबा